वाढतं माप

सुरतेजवळ भेस्तानला राहायला आलो, त्या पहिल्याच सकाळी एका अनोळखी माणसाने माझ्या सात वर्षांच्या सुमीला दारातच थांबवलं. खिशातून धागा काढला, तिच्या खांद्यापासून गुडघ्यापर्यंत धरला, गाठ मारली आणि चालू पडला. मी काठी शोधायला लागलो.

"बसा हो, धनाआप्पा आहेत ते," शेजारी म्हणाले. "कुठलंही पोर दिसलं की माप घेतात."

आप्पा शिरपूरकडचे. मी कारकून होतो त्याच कारखान्यात ते माग दुरुस्त करत. शेठच्या मागे लागून त्यांनी डागी कापड मिळवलं होतं. बुधवारी वीज नसायची, माग बंद. त्या दिवशी पत्ते कुटणाऱ्या सात कारागिरांना त्यांनी कात्र्या दिल्या आणि वस्तीतल्या बालवाडीसाठी कपडे शिवायला बसवलं. मलाही काजं करायला लावलं. माझी काजं बघून ते नुसते हात जोडत.

त्यांचा हुकूम एकच. "वाढतं माप ठेव, भो!"

पहिल्या दिवाळीला पोरी फ्रॉक दोन्ही हातांनी उचलून चालत होत्या. बालवाडीच्या बाई वैतागल्या, "आप्पा, पोरी सापडेनात हो कपड्यांत!"

"सापडतीन," आप्पा शांतपणे म्हणाले.

त्या सात कारागिरांतला निवृत्ती मात्र त्या पोरींकडे बघतच राहिला. जालन्याकडचा गडी, एरवी तोंडात शिवीशिवाय शब्द नाही. म्हणाला, "बारा वर्सं कापड काढतोय. कुणाच्या अंगावर आज बघितलं." पुढच्या बुधवारी तो सगळ्यांच्या आधी हजर. त्या माणसाने इतक्यांना कामाला कसं लावलं, याचं मला आजही नवल वाटतं.

सुमीचं माप ते दर महिन्याला घेत. फ्रॉक मात्र तिला कधी मिळाला नाही. इतर धागे डब्यात जात, सुमीचा वरच्या खिशात. शेवटी मी विचारलंच.

आप्पांनी कात्री पुसून ठेवली आणि सांगितलं. त्यांची मुलगी गावी आजीकडे होती. सुमीच्याच वयाची, आई नसलेली. आप्पांचं जाणं वर्षातून एकदा, दिवाळीला. एका वर्षी त्यांनी आठवणीतल्या मापाने फ्रॉक शिवून नेला. तो तिच्या डोक्यावरूनच खाली उतरेना.

"पोर रडनी नई, भाऊ. इचारे, बाबा, हाऊ फराक कोना शे?"

हा फ्रॉक कुणाचा, असं पोरीने बापालाच विचारलं होतं. मी सुमीला हाक मारली आणि म्हटलं, "आप्पांना नीट माप दे गं, ताठ उभी राहा."

त्या दिवाळीला आप्पा पिवळा फ्रॉक घेऊन गावी गेले. सुट्टी संपली त्या दिवशी मी कामधाम सोडून कारखान्याच्या फाटकात उभा. ते लांबून दिसताच ओरडलो, "बसला का?"

आप्पांनी पिशवी खाली ठेवली. हात वर करून दोन बोटं दाखवली.

"दोन बोटं ढिला!" म्हणाले आणि भर रस्त्यात रडायला लागले.