अण्णांच्या गावात रिकामं कुणी नाही

आमच्या सोसायटीत नवीन राहायला आलेल्या माणसाला एक शंका हमखास येते. तळमजल्यावरचे अण्णा अहिरे घरात मजूर ठेवतात का? कारण सकाळचा चहा झाला की त्यांच्या खिडकीतून आवाज सुरू होतो, "ए बाळू, रिकामा काबर उभा शे रे? लाकडं कोन तोडी?"

बाळू कॉम्प्युटरमध्ये असतो, हे मला प्रत्येकाला समजावून सांगावं लागतं. अण्णांचा मुलगा पुण्याला गेला तेव्हा जुना कॉम्प्युटर इथंच ठेवून गेला. त्यात प्राचीन काळातला एक गेम आहे. नदीकाठी मूठभर माणसं मिळतात. त्यांना शेतीला, लाकडाला लावायचं, धान्य साठवायचं आणि शत्रूच्या आधी नदीपलीकडे दुसरं गाव वसवायचं. अण्णा मूळचे सटाण्याचे, आणि सगळी नोकरी सातपूरच्या कारखान्यात सुपरवायझर म्हणून झालेली. त्यामुळे त्यांना गेम शिकवावा लागला नाही. माऊस तेवढा मी शिकवला.

गेममध्ये फक्त गहू पिकतो, कांदा नाही, हा अपमान त्यांनी अजून गिळलेला नाही. सैनिकांना ते 'वॉचमन' म्हणतात आणि दोनाच्या वर ठेवत नाहीत. "आधी कोठार, मंग तलवार," हे त्यांचं धोरण. मुलगा फोनवर म्हणतो, "बाबा, सोपी लेव्हल घ्या." यावर उत्तर ठरलेलं, "मी सोपी पाळी कधी मागितली का?"

कठीण लेव्हलवर ते रोज हरतात, आणि अगदी थोडक्यात हरतात. ते एकदा जिंकावेत, असं मलाही मनापासून वाटायचं. हरण्याचं कारण मला दिसत होतं. बाळू, तुका, रखमा, सगळे राबत असताना एक बाई झाडाखाली नुसती असायची. माझ्या मते उभी, अण्णांच्या मते बसलेली. सगळ्यांना नावं होती, हिला नव्हतं. "तिला कामाला लावा की," असं म्हटलं की अण्णांना नेमकं ऐकू यायचं नाही.

एका रविवारी धान्य कमी पडत होतं आणि शत्रू नदीकडे निघाला होता. अण्णा चहा करायला आत गेले. मी त्या बाईला उचललं आणि गव्हात धाडलं. कप घेऊन ते बाहेर येईपर्यंत आमच्या दुसऱ्या गावाचा पाया पडला होता.

"अण्णा, आज जिंकतोय आपण."

अण्णा झाडाकडे बघत होते. "ती कुठं गेली?"

"शेतावर. म्हणून तर जमलं."

त्यांनी कप ठेवला, माऊस माझ्या हातून घेतला आणि गव्हात वाकलेल्या त्या बाईला शोधून परत झाडाखाली आणलं. तेवढ्यात नदीवर शत्रू पोचला. दुसरं गाव गेलं, पाठोपाठ पहिलंही.

मी चिडलो. "एका बाईपायी हातातला डाव घालवलात."

अण्णांनी माऊस सोडला. मग म्हणाले, "तीन पाळ्यांच्या कामगारांचे डबे करायची. पहाटंपास्नं पोळ्या. मी तिकडं कारखान्यात कुनाला रिकामं बसू दिलं नाय, आन् घरात कुनी बसलंच नाय हे दिसलं नाय मला. बसली ती शेवटी दवाखान्यातच." कपावरची साय त्यांनी बोटानं बाजूला केली. "तिले बसू दे."

अहिरे काकू गेल्या त्यानंतर मी इथं राहायला आलो. अण्णांच्या तोंडून त्यांचं नाव मी कधीच ऐकलेलं नाही. त्यांच्या पिढीतले नवरे बायकोचं नाव घेत नाहीत. मला फार वाईट वाटलं.

"सोपी लेव्हल लावू का?" मी विचारलं.

"काबर? एक मानूस कमी शे म्हनून? हिला बसवूनच जिंकू."

अण्णांनी नवा डाव मांडला. सगळ्यात आधी तिला झाडाच्या सावलीत नेलं. मग चष्मा पुसला, खुर्ची पुढे ओढली आणि सोसायटीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "ए बाळू, रिकामा काबर उभा शे रे?"