मिझु आलं!

पाणी आलं की आमच्या बिल्डिंगच्या जिन्यातून जाधवकाका ओरडत जातात, "मिझु आलं! मिझु आलं! भरून घ्या!" बदलापुरात बारवी धरणाचं पाणी कधी येईल आणि कधी जाईल याचा नेम नसतो. त्यामुळे बिल्डिंगमधलं शेंबडं पोरही आता सांगेल, की जपानी भाषेत पाण्याला मिझु म्हणतात.

हा शब्द फक्त एका माणसाच्या लक्षात राहत नाही. जाधवकाकांच्या.

काका अंबरनाथच्या एमआयडीसीत फिटर होते. रिटायर झाले, काकू आधीच गेलेल्या, एकुलती एक लेक शीतल नर्स होऊन जपानला गेली, आणि काकांनी मोबाइलवर जपानी शिकायला घेतलं. मोबाइल एकेक कार्ड दाखवतो, शब्द ऐकवतो. अर्थ आठवला तर हिरवं बटण दाबायचं, विसरला तर लाल. आठवलेलं कार्ड बरेच दिवस तोंड दाखवत नाही, विसरलेलं दुसऱ्या दिवशी हजर. इतकं सोपं आहे.

मी शाळेत निघते तेव्हा काका कानात इयरफोन घालून पॅसेजमध्ये बसलेले असतात. समोर मिझु. बोट लाल बटणावर.

"काका, काल तर जिनाभर ओरडत होतात!"

"वय झालं, बाई. सराव पाहिजे, सराव."

मी मास्तरीण. ढ मुलं पुष्कळ पाहिली, पण त्यांचीही गाडी कधी ना कधी पुढे सरकते. इथे वर्ष उलटलं तरी पालथ्या घड्यावर मिझु. त्यात तो मोबाइल जुनापुराणा. बंद पडला की काका तो छातीशी धरून उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये नेतात. दुकानदार हात जोडतो, "अंकल, नया ले लो ना साईं, इसमें अब कुछ नहीं बचा." काका म्हणतात, "यहीच चालू करो." मग रिक्षाभाडं, दुरुस्ती, आणि घरी येऊन पुन्हा मिझु, पुन्हा लाल.

परवा माझा संयम सुटला. मोबाइल त्यांच्या हातातून काढूनच घेतला.

"मिझु म्हणजे?"

"पाणी," काका पटकन बोलून गेले.

"येतंय की!" मी हिरव्या बटणाकडे बोट नेलं, तर काकांनी माझा हातच धरला.

"बाई, नको! हिरवं दाबलं तर महिनाभर येणार नाही ती."

"ती कोण?"

काकांनी इयरफोन काढून माझ्याकडे दिला. "मिझु," शीतलचा आवाज. मागे कुकरची शिट्टी. मग चिडून, "बाबा, गॅस बंद करा ना! रेकॉर्ड करतेय मी!"

जायच्या आधी अभ्यासाला म्हणून तिने ही कार्डं स्वतःच्या आवाजात केली होती. जाताना हा फोन बापाकडे ठेवून गेली.

"फोन येतो ना तिचा?" मी विचारलं.

"येतो की. ड्युटी करून दमलेली असते. जेवलात का, गोळ्या घेतल्या का, ठेवते." काकांनी माझ्या हातातल्या मोबाइलकडे बघितलं. "आता चिडत नाही ती माझ्यावर."

कार्ड अजून उत्तराची वाट बघत होतं. मी लाल बटण दाबलं.

"काही म्हणजे काही लक्षात राहत नाही तुमच्या," मी म्हटलं.

"सराव पाहिजे, बाई," काका म्हणाले आणि इयरफोन परत कानात घातला.