राजण्णा मास्तरांची पाठ

आमचे राजण्णा मास्तर शिकाऊ पोराकडं पाठ करून बसत आणि कानानं शिकवत. सोलापुरात त्यांच्या घरी दोन हातमाग होते. एकावर ते, मागच्यावर मी. माझ्या मागाचा आवाज जरा बिघडला, की मान न वळवता म्हणत, "तुटला!" बघावं, तर धागा खरंच तुटलेला.

ही खोड घरापुरती असती तर ठीक. एका लग्नात मंगलाष्टकं म्हणताना भटजींना ठसका लागला. मास्तर मांडवातनं ओरडले, "तुटला!" नवरीच्या बापानं आम्हाला जेवायला वाढलं, पण लाडू दिला नाही. मला अजून राग आहे.

कौतुक त्यांना ठाऊकच नव्हतं. "वरडलो न्हाय की समज, बरं चाललंय."

पहिल्याच महिन्यात मी पराक्रम केला. लुगडं उतरलं, मागात धाग्यांची वीतभर शेपटं उरली. केर समजून मी ती सगळी ओढून काढली, वर झाडूही मारला. अहो, विणकराच्या घरात हे करतं कोण! त्याच शेपटांना नवे धागे एकेक करून सांधायचे असतात. आता हजारभर धागे फणीतनं पुन्हा ओवणं आलं. मी मुकाट्यानं वळकटी बांधली. वैरागला मामाच्या म्हशी वाट बघतच होत्या.

"कुटं निघालास?" मास्तर पाठमोरेच म्हणाले. "बस हितं. तुझ्याएवढा असताना मी बी काढली होती की."

दोन दिवस आम्ही समोरासमोर बसून धागे ओवले. तेवढंच काय ते त्यांचं तोंड मला दिसलं.

चार वर्षांत हात बसला आणि जादा पगारासाठी मी गिरणीत लागलो. निरोप घ्यायला गेलो, तर त्यांचे पाय मागाच्या खड्ड्यात. पाठीलाच नमस्कार केला.

"तुटला," एवढंच म्हणाले.

दोन वर्षांनी गिरणीनं माणसं कमी केली, त्यात मी. कोणत्या तोंडानं जायचं? लाज वाटत होती, पण गेलो.

"मास्तर, मागावर बसू का?"

तिथं दुसरा कुणी असणार, हे मी धरूनच होतो. पण माग रिकामा होता. फणीत माझ्या शेवटच्या लुगड्याची शेपटं तशीच होती, धूळ झटकलेली. दोन वर्षं त्यांनी तिथं कुणालाच बसवलं नव्हतं.

"नवा ताणा कोपऱ्यात हाय," मास्तर भिंतीला म्हणाले. "सांध."

त्यांचा आवाज बिघडला होता. माझ्या कानाला तो बरोबर कळला. पण मी "तुटला" म्हटलं नाही. खाली मान घालून सांधायला बसलो.