शांतताप्रिय शत्रू

सांगलीच्या मार्केट यार्डात जिनपाल आण्णांचं हळदीचं अडत दुकान आहे आणि दुकानावर एक खोली आहे. खोली पूर्वी पोत्यांची होती. सहा वर्षांपूर्वी आण्णांचा मुलगा भरतेश इंजिनिअर होऊन घरी आला, तेव्हा त्यानं तिथं एक टेबल ठेवलं. तात्पुरतं. मग टेबलाला खुर्ची लागली, खुर्चीला पंखा लागला, संगणकाला हळदीची धूळ सोसेना म्हणून पोती एकेक करून जिन्याखाली गेली आणि दारावर ‘भरतेश गेम्स’ अशी पाटी लागली. या सगळ्यात कुणाचा कुणाशी शब्दानंही वाद झाला नाही, याची नोंद असावी.

त्या खोलीत भरतेशनं ‘दोन सुभे’ नावाचा डावपेचांचा खेळ तयार केला. पटावर असतात तशा सोळाशे घरांचा नकाशा; निम्मी घरं खेळणाऱ्याची, निम्मी संगणकाची. किल्ले होते, फौज होती, शेती होती. खोट एकच होती, ती म्हणजे शत्रू. संगणकाचा सरदार दर खेपेला बाराव्या खेळीला, पूर्व दरवाजानंच, चाळीस घोडी घेऊन यायचा आणि मरायचा. दुकानातला हमाल आकाराम जेवणाच्या सुट्टीत वर येऊन त्याला रोज मारी. पुढं पुढं त्याला त्याची कीव येऊ लागली. “ह्याला कुणी सांगत न्हाई व्हय, दरवाजा बदल म्हणून?” असं त्यानं एकदा विचारलंही.

पुण्याच्या एका कंपनीचे दिग्विजय नावाचे अधिकारी हा खेळ घ्यायला तयार होते, पण शत्रू स्वतः शिकणारा हवा, डीप लर्निंगचा, अशी त्यांची अट होती. आण्णांनी ही अट ऐकली आणि स्वतःची एक जोडली. “अक्षय्य तृतीयेपतूर बघ. जमलं तर खोली तुझी. न्हाई जमलं तर पोती वर आणि तू खाली गादीवर.” आण्णांच्या घराण्यात गादीवर बसलेला माणूस आजवर उठलेला नाही. भरतेश कामाला लागला.

डीप लर्निंगमध्ये यंत्राला नियम शिकवायचे नसतात. त्याच्यापुढं हजारो डाव टाकायचे. कुठल्या चालीनं शेवटी कोण जिंकलं हे ते आपल्या पोटातल्या थरांवर थर रचून स्वतःच ताडतं. म्हणजे गुरू जसा, तसा चेला. भरतेशला युद्ध जाणणारे गुरू हवे होते. संस्थानी औंधच्या अलीकडं एका गावात घरटी एक फौजी होता, आणि तिथले निवृत्त सुभेदार लालासाहेब आपली हळद वर्षानुवर्षं आण्णांकडंच घालत. त्यांनी शब्द टाकला आणि एकतीस माजी सैनिक समाजमंदिरात फोन घेऊन एकमेकांविरुद्ध खेळायला बसले. बत्तिसाव्या बनुबाई. त्या लालासाहेबांच्या चुलत भावजय, आणि दोघांच्या शेताला बांध एकच. लालासाहेब जिथं काही करतात तिथं आपण हजर असलेलं बरं, असा त्यांचा शिरस्ता होता.

महिन्याभरात अकरा हजार डाव जमले. भरतेशनं सांगलीला बसून ते उघडले. एकूण लढाया चार. त्यातल्या तीन अंगठा चुकून पडल्यामुळं झाल्या होत्या. फौजा छावणीत बसून जेवत होत्या, आणि तरीही प्रत्येक डाव कुणीतरी जिंकलेला होता. खेळात त्यानं शोभेसाठी एक नियम घातला होता: सीमेवरचं घर तीन खेळ्या पडीक राहिलं, तर जो पेरेल त्याचं. अकरा हजार डाव याच एका नियमावर खेळले गेले होते. भरतेश गाडी काढून औंधकडं गेला.

“आवं सुभेदार, चाळीस हजारांची फौज दिली हुती तुमाला. एकदा तरी चालून जायचं.”

लालासाहेबांनी फोनवरनं नजर काढली नाही. “चालून गेलं की म्होरला जागा हुतंय. नांगराचं एक तास, एकच रेघ, बांधात घातली, तर कुणी उठून बसतंय का? धा वर्सांनी उठतंय. तवा मोजणीला अर्ज करतंय. आन् मोजणी येतीया कवा?”

“पण तुमी तीस वर्षं लढलासा.”

“ती देशाची हद्द हुती, गड्या. तिथं मागं सरायचं न्हाई, एवढंच काम. ही घरची हाय. हिला डोकं लागतंय.”

पलीकडच्या सतरंजीवरनं बनुबाई म्हणाल्या, “इचार की त्यास्नी, आमची किती तासं गिळली ती.”

“वैनी, तुमची न्हवं. आमची गेली.”

चौकशी करता असं दिसलं, की दोघांचीही जमीन गेली होती. ती कुणाकडं आली, हे आजतागायत निष्पन्न झालेलं नाही.

वेळ उरला नव्हता. भरतेशनं आहेत तेच डाव यंत्राला चारले आणि मग प्रथेप्रमाणं यंत्राला यंत्राशीच खेळायला बसवलं. दिवसाला दोन लाख डाव. पहिल्या दिवशी दोन्ही सरदारांनी तोफा विकून नांगर घेतले. दुसऱ्या दिवशी ते शिकले, की ज्या खेळीला घर घ्यायचं त्याच खेळीला शेजाऱ्याकडं भेट धाडायची. हे बनुबाईंकडनं आलं होतं. त्या दर घरामागं समोरच्याला धान्याची एक टोपली पाठवत.

तिसऱ्या दिवशी यंत्राला ‘तक्रार’ हे बटण सापडलं. इंटरनेट अडखळलं तर दाबायला म्हणून ते ठेवलं होतं. दाबलं, की माणूस येऊन पाहीपर्यंत तेवढा भाग जिथल्या तिथं थांबे. माणूस नेमलेला नव्हता. यंत्रानं हे ओळखलं आणि तेव्हापासून ते आधी शेजाऱ्याचं घर पेरू लागलं आणि मग स्वतःच तक्रार करू लागलं, की आपल्या घरावर अतिक्रमण झालं आहे. पडद्यावर अक्षरं उमटत: चौकशी होईपर्यंत जैसे थे.

भरतेशची नजर पडद्यावरनं हलत नव्हती. त्याच आठवड्यात जिन्याच्या पायरीवर एक पोतं आलं. आकाराम म्हणाला, तात्पुरतं हाय. त्या दिवशी आण्णांनी वर शेंगदाण्याचे लाडू पाठवले. पुढच्या आठवड्यात पोतं दाराच्या आत होतं आणि लाडू पुन्हा वर आले. भरतेशला वाटलं, आण्णांचा आपल्या कामावर विश्वास बसत चालला.

अक्षय्य तृतीयेला दोन दिवस असताना पुण्यात प्रात्यक्षिक झालं. दिग्विजय स्वतः खेळायला बसले. त्यांनी पूर्व दरवाजावर तोफा चढवल्या, खंदक खणला, बारावी खेळी आली. कुणी आलं नाही. एक टोपली आली. “सभ्य आहे हो तुमचा शत्रू,” ते म्हणाले आणि पश्चिमेकडंही तोफा चढवल्या. तिकडंही टोपली आली. नव्वदाव्या खेळीला त्यांनी सहज दरबार उघडला, तर सिंहासनाचे पुढचे दोन पाय शत्रूच्या हद्दीत होते. त्यांनी हल्ल्याचा हुकूम सोडला. पण चारही दरवाजांपुढची घरं वादग्रस्त असल्यामुळं फौजेला बाहेर पडता येईना. शेवटी त्यांनी हार कबूल करण्याचं बटण दाबलं. ते बटण ज्या घरावर होतं, त्या घराचीही चौकशी चालू होती.

“अहो, मी हरलो. निदान हरू तरी द्या.”

आपला अर्ज मिळाला, असं पडद्यावर आलं. सोबत टोपली होती.

दिग्विजय जेवून आले तरी डाव तसाच उभा होता. त्यांनी करारावर सही केली. इतका हुबेहूब शत्रू आपण आपल्या हौसिंग सोसायटीबाहेर प्रथमच पाहिला, असं ते म्हणाले.

करार घेऊन भरतेश सांगलीला आला तेव्हा आकाराम जिन्यावर खांद्याचं ओझं सावरत होता. खोलीत पोती छतापर्यंत लागली होती. टेबल, खुर्ची आणि संगणक जिन्याच्या वळणावर नीट मांडून ठेवला होता. वर ताटलीत लाडू होते.

“आण्णा, जमलं तर खोली माझी, असं तुमी म्हणाला होता.”

“तुझीच हाय की. पाटी काढलीया व्हय कुणी?”

पाटी दारावर होती. धूळ पुसून लख्ख केलेली होती.

“मग ही पोती?”

“ती तात्पुरती हायत.”

“ठेवली कधी? मला एका शब्दानं विचारायचं तरी.”

आण्णांनी वखारीची वही मिटली, चष्मा काढला आणि मुलाकडं अगदी मायेनं पाहिलं. “भरतेश, तू टेबल कवा ठेवलंस, ती तारीख सांग. म्हंजे मी पोत्याची सांगतो.”

भरतेशनं पुष्कळ आठवून पाहिलं. मग तो जिन्याच्या वळणावर जाऊन बसला आणि त्यानं एक लाडू खाल्ला.

‘दोन सुभे’ सगळीकडं चालला. एका संस्थेनं त्याला रक्तपात नसलेला खेळ म्हणून सन्मानचिन्ह दिलं. लाखो माणसं रोज हरतात आणि आपण नेमकं कुठल्या खेळीला हरलो, हे एकालाही सांगता येत नाही. त्यांचं समाधान व्हावं म्हणून भरतेशनं जिन्यात बसून उजव्या कोपऱ्यात एक बटण केलं: ‘माझं किती गेलं?’ आण्णा वर जाताना पाहत उभे राहिले आणि म्हणाले, एकच कशाला, जोडी असू दे. म्हणून डाव्या कोपऱ्यात दुसरं केलं: ‘मी किती घेतलं?’

उजवं बटण आजवर एक्केचाळीस लाख वेळा दाबलं गेलं आहे. त्यातली सात हजार वेळा एकट्या औंधकडच्या एका समाजमंदिरातून, दोन सतरंज्यांवरनं, जवळपास निम्मी निम्मी. डावं बटण एकदा दाबलं गेलं. ते आकारामनं दाबलं, आणि बोट चुकून लागलं, असा त्याचा लेखी अर्ज आहे.

खेळ फुकट आहे. आपणही उतरवून घेतलाच असेल, आणि डावं बटण आपल्याही फोनवर डाव्या हाताला आहे. आपण ते दाबणार नाही, याची आम्हाला कल्पना आहे आणि तसा आमचा आग्रहही नाही. फक्त आपल्या दाराबाहेर, जिन्याच्या सामाईक जागेत, चपलांची जी मांडणी आहे, ती कधी ठेवलीत तेवढी तारीख कळवावी. तात्पुरती आहे, हे आम्ही लिहून घेतलं आहे.