पाय दे, राजा

दस्तगीरभाई नालबंदांनी माझा चेहरा पहिल्यांदा नीट पाहिला, तेव्हा आमच्या ओळखीला अकरा वर्षं झाली होती.

थापा मारतोय असं ज्यांना वाटेल त्यांनी खुशाल वाटून घ्यावं. पंच्याहत्तर-शहात्तरची गोष्ट. कराडला लागून असलेल्या मलकापुरात रस्त्याकडेला माझा वर्तमानपत्रांचा ठेला होता आणि ठेल्याच्या डाव्या हाताला लिंबाखाली दस्तगीरभाई पोतं अंथरून बसत. एकदा मला काय लहर आली कोण जाणे, मी मिशी साफ काढून टाकली. बायकोनं दोन दिवस अबोला धरला. गिऱ्हाइकं पेपर घेता घेता हळूच विचारायची, "घरातलं कोण गेलं?" दस्तगीरभाई रोज सकाळी समोर बसून माझ्याकडून पेपर वाचून घेत, पण त्यांना पत्ताच नाही. पुढं दीड महिन्यानं मी नव्या चपला घेतल्या, तर रस्त्याच्या पलीकडून ओरडले, "पेपरवाले, डावी चावतीया! करंगळी आत वढून चाललाय तुमी."

खरंच चावत होती.

माणसाकडे ते खालून बघायला सुरुवात करत आणि बहुतेकदा घोट्याच्या वर जात नसत. "तोंड सोंग आणतं, पेपरवाले," ते म्हणत, "पाय न्हाई आणत." बावीस वर्षं पलटणीत खेचरांचे खूर मांडीवर घेतल्यावर माणसाची मान बहुधा तशीच राहत असावी. निवडणुकीत एक उमेदवार हात जोडून पुढ्यात उभे राहिले, तर भाईंनी त्यांच्या बुटांकडे बघून सांगितलं, "सायेब, बूट एक नंबर मोठा घ्या. अर्ध्या भाषणात चिडताय ते त्याच्यामुळं." साहेब तिथंच चिडले. पण पुढच्या सभेला म्हणे मोठे बूट घालून आले आणि पाऊण तास बोलले. त्याबद्दल गावानं भाईंना बरेच दिवस माफ केलं नाही.

भाईंचं गिऱ्हाईक म्हणजे कराडातले टांग्याचे घोडे आणि गळीत हंगामात उसाच्या गाड्यांचे बैल. डांबरी रस्त्यानं बैलाचा खूर झिजतो, म्हणून त्याला लोखंडी पत्र्या ठोकाव्या लागतात. कितीही मारकं जनावर असो, भाई त्याच्या पोटाला खांदा लावत आणि लाडानं म्हणत, "पाय दे, राजा." आणि राजा पाय देई.

आता उजवा हात. माझ्या ठेल्याच्या उजव्या हाताला सिदूअण्णांचं लोहारकामाचं छप्पर होतं.

लोहार म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर मांड्या थोपटणारा पैलवान उभा राहतो. सिदूअण्णा वाळत घातलेल्या धोतरासारखे होते. नवखं गिऱ्हाईक त्यांनाच विचारायचं, "लोहार कुठं गेलाय वो?" लोकांचा दुसरा समज असा की लोहाराच्या डोणीतलं पाणी, म्हणजे तापलं लोखंड विझवायचं पाणी, पोराच्या अंगाला लावलं की खरूज जाते. बाया तांब्या घेऊन यायच्या. अण्णा वैतागून म्हणत, "अगं, त्यात मी पाय धुतो!" बाया भक्तिभावानं म्हणत, "म्हणूनच गुण येतोय, अण्णा."

पण सगळ्यांत जुनाट समज म्हणजे लोखंडाला हात लावणारे सगळे एकच. शेतकरी बैल आणून खुशाल अण्णांच्या छपराच्या मेढीला बांधायचा.

"ह्यो गोठा हाय व्हय रं?" अण्णा कडाडत.

"पत्र्या मारायच्यात अण्णा. तुमीच लोहार न्हवं?"

"लोहार हाय म्हणूनच सांगतोय! तिकडं जा, त्या लिंबाखाली. ए नाल्या, तुझा पावना आलाय!"

तिकडं लिंबाखाली कुणी तरी दस्तगीरभाईंच्या पुढ्यात खुरपं टाकलेलं असायचं. भाई ते उलटंसुलटं करत. "ह्येचा पाय दावा. नाल मारून देतो." मग माझ्या डोक्यावरून आरोळी, "ए भात्या, तुझं लेकरू चुकून हिकडं आलंय!"

मग दोघांचं माझ्या ठेल्याच्या आरपार सुरू होई.

"लोखंड घडवाय अक्कल लागती. खिळं काय कुनीबी ठोकंल."

"तुझं लोखंड चुकलं तर परत भट्टीत घालतोस. माझा खूर चुकला तर? बैल भट्टीत घालू व्हय?"

"मी हाय म्हणून तुला खिळा मिळतो!"

"अन् मी हाय म्हणून तुझा खिळा चालतो, गड्या! न्हाईतर बसला असता भिंतीत."

खरी गोष्ट अशी की पत्र्या आणि खिळे घडवायचे अण्णांनी, आणि बैलाच्या खुरात ते ठोकायचे भाईंनी. बैल लंगडला की भाई म्हणत खिळा जाड, अण्णा म्हणत हात जड. अकरा वर्षांत ना भाई कधी त्या छपराखाली गेले, ना अण्णा लिंबाखाली आले. मालाची पोतडी आधी माझ्या ठेल्यावर यायची आणि तिथून लिंबाखाली जायची. माझ्या कित्येक रविवार पुरवण्यांना खिळ्यांनी भोकं पडली आहेत.

लोहाराविषयीचा चौथा समज मात्र अण्णांनी स्वतःच जोपासला होता. लोहाराला आग बाधत नाही! अण्णा भट्टीतला निखारा चिमटीत धरून विडी पेटवत आणि शांतपणे परत टाकत. त्यातली मेख त्यांनी मला सांगितली होती. निखारा बोटात थांबू द्यायचाच नाही, नुसता नाचवायचा. पण अलीकडे अण्णांनी त्याच्याही पुढची मजल मारली होती. ऐरण म्हणजे देव, तिच्यापुढं पायात काही घालायचं नाही, म्हणून ते अनवाणी उभे राहत. उजव्या पायावर ठिणगी पडायची, विझायची, आणि अण्णांची पापणीसुद्धा हलायची नाही. लोक पाहुणे घेऊन बघायला येत.

"आमच्या बाचंबी असंच हुतं," अण्णा दाढी कुरवाळत सांगत. "पन्नाशी उलाटली की आग लोहाराला वळखाय लागती."

आणि ही कीर्ती पंचक्रोशीत पसरवण्याचं काम कोण करत होतं म्हणता? मीच. पेपरसोबत फुकट वाटत होतो. मलकापुरातला अग्निसिद्ध लोहार! गुऱ्हाळवाले खूश होऊन अण्णांना गुळाची ढेप पाठवत आणि अण्णा ती सुपारीसारखी चघळत बसत.

एकटे दस्तगीरभाई कधी वाहवा म्हणाले नाहीत. एके दिवशी पेपर ऐकता ऐकता त्यांनी मला थांबवलं.

"भात्याचा उजवा पाय जमिनीला इचारत न्हाई."

"काय विचारत नाही?"

"परत्येक जनावर पाय टेकायच्या आदी जमिनीला इचारतं. ठेवू का? घोडा इचारतो, बैल इचारतो, तुमीबी इचारताय. ह्येचा डावा इचारतो. उजवा नुसता पडतोय. आवाज ऐका."

मी ऐकलं. मला ऐरणीखेरीज काही ऐकू आलं नाही. वाटलं, म्हातारा जळतोय अण्णांवर.

त्यानंतर आठवड्याभरात एक दुपार. अण्णा फाळाला धार काढत मला कुठल्याशा कुस्तीची हकिकत सांगत होते. तापल्या लोखंडाचा तुकडा तुटून खाली पडला होता. हकिकत अगदी रंगात आली होती. पलीकडे भाई पोत्यावर पडले होते, ते एकदम उठून बसले आणि हवेत नाक फिरवू लागले. गरम नाल घोड्याच्या खुरावर टेकवली की एक वास सुटतो. केस जळल्यासारखा, पण जास्त दाट. तो वास येत होता.

"घोडा कुठं हाय?" भाई म्हणाले.

घोडा नव्हता. लिंबाखाली कुत्रंसुद्धा नव्हतं.

भाई उठले. माझ्या ठेल्याला वळसा घालून, अकरा वर्षांत पहिल्यांदा, सिदूअण्णांच्या छपरात शिरले. अण्णा हातवारे करत बोलतच होते. त्यांची उजवी टाच त्या लालबुंद तुकड्यावर होती आणि तिच्याखालून धूर निघत होता.

भाईंनी त्यांना खसकन ओढलं. "पाय दे."

"अरं ए नाल्या! मी काय बैल हाय व्हय?"

"बैल शाणा असतो. पाय दे, राजा."

आणि अण्णांना काही कळायच्या आत भाईंनी त्यांच्या कमरेला खांदा लावला, घोट्याला हात घातला, पाय मागं दुमडून आपल्या दोन गुडघ्यांत पकडला. अगदी घोड्यासारखा. अण्णा माझ्या ठेल्याचा खांब धरून एका पायावर उभे, तोंडानं शिव्या, आणि समोर दहा-बारा बघे. मी हसलो. खोटं कशाला सांगू, पोट धरून हसलो.

भाई हसत नव्हते. तळव्याची राख पुसून ते बोटानं दाबत होते.

"लागतंय?"

"न्हाई."

"हितं?"

"न्हाई म्हंतो न्हवं!"

मग भाईंनी चिमटा मागितला. तळव्याच्या पुढच्या भागात, काळवंडलेल्या मांसात काही तरी चमकत होतं. त्यांनी ते हळूच उपसून अण्णांच्या हातावर ठेवलं. पत्रीचा खिळा होता. खुद्द अण्णांनीच घडवलेला. किती दिवस आत होता देव जाणे. आता कुणीच हसत नव्हतं.

अण्णांनी खिळ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग अगदी पडेल आवाजात म्हणाले, "आग मला वळखती, दस्तगीर."

अकरा वर्षांत त्यांनी भाईंना पहिल्यांदा नावानं हाक मारली.

"तुझा बा कशानं गेला?"

अण्णा खिळा बोटांत फिरवत राहिले.

"इचारतोय मी. कशानं गेला?"

"पाय काळा पडला त्येचा," अण्णा म्हणाले. "गुडघ्यापातूर."

"उद्या सांगलीला जायाचं."

"मी न्हाई यायचा. पाय कापत्यात तिथं."

"खेचरं बोलत न्हाईत म्हणून मेली माझी," भाई म्हणाले, आणि पाय अजून त्यांच्या गुडघ्यातच होता. "तुला तोंड हाय. ह्येवढं वाजतंय अकरा वर्सं. अन् तू मुकाट मरणार व्हय रं?"

दुसऱ्या दिवशी पहिल्या एस.टी.नं आम्ही तिघं सांगलीला गेलो. पूर्वी पलटणीत असलेले, भाईंच्या ओळखीचे एक डॉक्टर तिथं होते. त्यांनी रक्त-लघवी तपासली आणि विचारलं, गोड फार खाता का? मला त्या गुळाच्या ढेपा आठवल्या, आणि त्या कुणाच्या जाहिरातीमुळं आल्या तेही आठवलं. साखरेचा आजार. हळूहळू पायाची जाणीव जाते, मग जखम कळत नाही. पाय राहील की जाईल हे आत गेल्यावरच सांगता येईल, असं म्हणून ते अण्णांना आत घेऊन गेले.

बाहेर बाकावर भाई आणि मी. भाई खाली फरशीकडे बघत बसले होते. पुष्कळ वेळानं आतून पावलं वाजली. डॉक्टर येत होते. भाईंनी त्यांच्या पायांकडे एकदा पाहिलं आणि झटकन मान फिरवली.

"सावकाश चालतोय," ते पुटपुटले. "मला न्हाई बघवत. तुमी तोंड बघा, पेपरवाले. तोंड काय म्हंतंय सांगा."

आणि ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. डोळे गच्च रोवून, जसं काही तिथंच लिहून येणार होतं.

डॉक्टर म्हणाले, "दोन बोटं गेली. पाय वाचला. आणखी आठ दिवस गेले असते तर..."

मी नुसती मान हलवली. भाई तसेच माझ्याकडे बघत होते. त्यांच्या डोळ्यांतून पाणी ओघळायला लागलं आणि मग त्यांच्या कपाळाला हळूहळू आठी पडली.

"पेपरवाले," ते म्हणाले, "तुमची मिशी कुठं गेली?"

डॉक्टरांनी दोन गोष्टी बजावल्या होत्या. अनवाणी राहायचं नाही, आणि तळवा रोज कुणी तरी तपासायचा, कारण याला स्वतःला कळणार नाही. पहिलं भाईंनी मनावर घेतलं. खुराचं माप घेतात तसं काडीनं अण्णांच्या पायाचं माप घेतलं आणि टायरच्या रबराची वहाण स्वतः कापली, आतून मऊ चामडं लावून. अण्णांनी ऐरणीला नारळ फोडला, माफी मागितली आणि वहाण घातली. दुसऱ्याची अडचण होती. अण्णांची बायको नव्हती आणि सुनेपुढं पाय करायला त्यांना लाज वाटे. "मग मला काय उद्योग हाय?" भाई म्हणाले.

ते खरंच होतं. हळूहळू टांगे जाऊन रिक्षा आल्या होत्या. उसाला ट्रॅक्टर लागले होते. भाईंची एकुलती एक लेक कवठे महांकाळला दिलेली. लिंबाखाली दिवसच्या दिवस एकही खूर टेकत नसे.

तेव्हापासून रोज सकाळी, भट्टी पेटायच्या आधी, भाई छपरात येत. पोतं अंथरत. "पाय दे, राजा." अण्णा शिव्या देत उजवा पाय त्यांच्या मांडीवर ठेवत. भाई तो धूत, पुसत, बोटांच्या बेचक्या बघत, उजेडाकडे तळवा करून पुन्हा बघत. पाच मिनिटांचं काम. ते अर्धा तास करत. मग वहाण घालून पाय खाली ठेवत आणि रिकाम्या मांडीवर हात ठेवून बसून राहत.

एकदा मी पेपर द्यायला गेलो, तर अण्णांनी उजवा खाली घेतला आणि भाईंनी काही म्हणायच्या आत डावा वर ठेवला.

मी हळूच म्हटलं, "अण्णा, त्या पायाला तर सगळं कळतं की."

"गप बसा," अण्णा माझ्या कानाशी पुटपुटले. "त्येला कुठं ठावं हाय!"

भाईंना ठाऊक नव्हतं? ज्या माणसाला माझी चावरी चप्पल रस्त्याच्या पलीकडून कळते, त्याला? पण ते काही बोलले नाहीत. त्यांनी पाणी घेतलं आणि तो धडधाकट पाय पहिल्याइतकाच निगुतीनं धुवायला घेतला. अण्णा वर छपराकडं बघत विडी ओढत होते. देवानं त्यांना दोनच दिले होते. चार असते, तर चारही एकामागून एक मांडीवर ठेवले असते.