गुलाबी कापडाखालचा जोड

धम्मानंद मेश्रामांना बारा रंग पाठ होते, आणि ते पाठ असल्याचं निम्म्या नागपूरला पाठ होतं. निळा, नारंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी, पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा, गुलाबी, आकाशी. केसासारखे बारीक काचेचे बारा धागे एका नळीत, आणि अशा चोवीस नळ्या इंटरनेटच्या एका जाड केबलमध्ये. केबल तुटली की दोन्ही टोकांचे दोनशे अठ्ठ्याऐंशी धागे रंगाला रंग लावून जोडायचे. अठरा वर्षं ते हेच करत होते. जोडल्यावर एका टोकातून लाल दिवा सोडून धागा तपासावा असा नियम आहे, पण ते धम्मानंदांना परीक्षेत पुस्तक उघडण्यासारखं वाटे.

यंदा मात्र त्यांचा जीव कळमेश्वरात अडकला होता. तिथल्या प्रशिक्षण केंद्रात शिकवणाऱ्याची एक जागा निघाली होती. खड्ड्यात उतरायचं म्हटलं की त्यांचे गुडघे आता साफ नकार देत, त्यामुळे ती जागा त्यांना मनापासून हवी होती. त्यांच्या इंजिनियर दामिनी मॅडमनी एकच अट सांगितली होती: वर्षभरात नावावर एकही तक्रार नको. वर्ष शनिवारी संध्याकाळी संपत होतं आणि तक्रारवहीत त्यांचं पान कोरं होतं.

नेमकी शुक्रवारी रामदासपेठेत एका जेसीबीनं केबल मुळ्यासारखी उपटली. धम्मानंद आणि दहा वर्षांपासून त्यांच्या जोडीनं काम करणारी चारुशीला यांनी कडुनिंबाच्या सावलीत बसून नळीमागून नळी जोडली. शनिवारी दुपारी बाराला शेवटची नळी उरली, आणि सावली तेवढ्यात पलीकडे सरकली.

शेजारच्या लग्नाच्या लॉनचा व्यवस्थापक चंद्रभान सकाळपासून चार चकरा मारून गेला होता. लग्न लॉनवर आणि जेवण रस्त्यापलीकडच्या हॉलमध्ये, म्हणून लॉनवरचं लग्न हॉलमधल्या पडद्यावर दाखवायचं होतं, तेही ह्याच केबलमधून. यांना ऊन लागतंय हे पाहून त्यानं मोठ्या मनानं मंडपाचं उरलेलं कापड आणून डोक्यावर बांधून दिलं. कापड गर्द गुलाबी होतं.

"भाऊ, याच्याखाली सगळंच गुलाबी दिसून राहिलं," चारुशीला म्हणाली. "उमरेडले आमच्या घरी माग होता. बाबा सूत दाराबाहेर उन्हात नेऊन पाहत, मंगच रंगाले रंग लावत."

"सूत अन् काच एक आहे का वं?" धम्मानंद म्हणाले. "अठरा वर्षं झाले मले. मी रंग ओळखत नाही, रंग मले ओळखते."

चारुशीलेनं नळी सोलायला घेतली. पाऊण तासात नळी जोडून झाली. मॅडमनी फोनवर सांगितलं की सगळं चालू दिसतंय. लाल दिव्याचं कुणी विचारलं नाही, त्यांनीही विषय काढला नाही.

खूश होऊन चंद्रभान त्यांना जेवायलाच घेऊन गेला. हॉलमध्ये पाय ठेवताच धम्मानंद थबकले. चारशे माणसं खुर्च्यांवर निमूट बसली होती. वरात उशिरा आल्यानं लग्न अजून लागायचं होतं, पण पडद्यावर ना नवरा होता ना नवरी. पडद्यावर होतं: टोकन ४१, खोली ३.

नवरीचे काका ओमप्रकाश एसटीतून निवृत्त झालेले कंट्रोलर. त्यांनी आकडा पाहिला मात्र, त्यांना तो लगेच समजला. त्यांनी पाहुण्यांना चौघांत एक असे चिठ्ठ्यांवर नंबर वाटले आणि जेवणाची टेबलं म्हणजेच खोल्या असं ठरवून टाकलं. पडद्यावर आकडा बदलला की तेवढीच चार डोकी उठत होती. चंद्रभान म्हणाला की बारा वर्षांत इतकं शांत जेवण त्यानं पाहिलं नव्हतं.

शेवटच्या नळीतला पांढरा धागा कोपऱ्यावरच्या दवाखान्याचा आणि गुलाबी लॉनचा, हे धम्मानंदांना ठाऊक होतं. टोकनं इथे आली असतील तर लग्न कुठे गेलं, हे समजायला दिवा लागणार नव्हता.

ते तडक दवाखान्यात गेले. तिथल्या प्रतीक्षागृहात तीसेक पेशंट टीव्हीकडे तोंड करून बसले होते. नवरीची साडी कुठली असावी यावर दोन गट पडले होते. आत डॉक्टर पेशंटची वाट पाहत होते, बाहेर पेशंट नवरदेवाची. तक्रार कुणाचीच नव्हती.

धम्मानंदांच्या मनात पाप आलं, हे लपवण्यात अर्थ नाही. संध्याकाळपर्यंत असंच राहू दिलं तर काय बिघडणार होतं? मग कोपऱ्यातल्या एका म्हातारीला त्यांनी सहज विचारलं, की आजी, तुमचा नंबर कधी?

"लागन बावा," प्रयागबाई म्हणाल्या. "रक्त द्याचं हाये, सकाळपासून उपाशी हावो. आता लगन पाहूनच घेतो."

त्यांचे ओठ सुकलेले दिसत होते. धम्मानंदांना स्वतःची खरोखर लाज वाटली. ते लंगडत खड्ड्याकडे परतले आणि त्यांनी आधी ते कापड सोडलं. उन्हात पांढरा पांढरा होता आणि गुलाबी गुलाबी. दोन्ही धागे कापून त्यांनी पुन्हा जोडले आणि या खेपेला लाल दिवा लावून तपासलेसुद्धा.

त्याच क्षणी नवरीनं हार उचलला होता. दवाखान्याच्या टीव्हीवर नवरी गेली आणि टोकन ५८ आलं. आपले नंबर हुकले म्हणून तीस आजारी माणसं एकदम उठून खिडकीशी भांडायला गेली. त्या गोंधळात प्रयागबाईंचं रक्त तेवढं काढून झालं. इकडे हॉलमध्ये आकडे गेले आणि नवरा-नवरी आले. नंबर संपले असं समजून चारशे माणसं एकाच वेळी पनीरच्या भाजीवर चालून गेली, आणि ओमप्रकाश काका खुर्चीवर उभं राहून शिट्टी वाजवत राहिले.

पाच वाजता मॅडमचा फोन आला. दोन तक्रारी होत्या, एक हॉलची, एक दवाखान्याची. दोन्हींत एकच लिहिलं होतं: नीट चाललेली सेवा दुपारी दोन वाजता बंद पाडली.

धम्मानंदांनी पहिल्यापासून सगळं सांगून टाकलं. मॅडम म्हणाल्या, "काका, खरं सांगितलंत, बरं वाटलं. पण अट ती अट. कळमेश्वरसाठी मी चारुशीलाताईंचं नाव पाठवते."

त्यांना वाईट वाटलं. मॅडमचं चुकलं नाही हेही वाटलं. घरी त्यांची बायको मायाबाई पाण्याचा तांब्या घेऊन दारातच उभ्या होत्या.

"का जी, झालं का काम?"

"झालं."

"बरोबर झालं ना?"

"बरोबर झालं," धम्मानंद पायरीवर बसत म्हणाले, "म्हणून तर तक्रार आली."