दर्यापूरचे डॉक्टर खुशालराव

डॉ. सहदेवचा पहिला निबंध छापून आला, आणि त्याच दिवशी त्याचे खुशालरावकाका भरल्या ताटावरून उठले.

निबंध होता जिनिंगमधल्या मजुरांच्या खोकल्यावर. अमरावतीच्या दवाखान्यातली नोकरी सांभाळून सहदेवने त्यासाठी तीन हंगाम कापसाच्या धुळीत काढले होते. मोठ्या हौसेने तो छापील प्रत घेऊन दर्यापूरला आला. काका जुने इंग्रजी चौथी पास. त्यांनी आधीची सगळी पानं उलटली आणि लग्नपत्रिका वाचावी तशी शेवटच्या पानावरची नावं बोट ठेवून वाचायला घेतली.

"हा स्मिथ कोन होय?"

"लंडनचा डॉक्टर, काका. त्याचं वाचलं म्हणून नाव टाकलं."

"अन् हा मुल्लर?"

"थो जर्मनीचा."

"एवढे परके मान्सं बसवले पंगतीत, अन् ज्यानं शिकवलं त्या काकाचं नाव काहून नाई? भाऊबंदात मी तोंड कसं दाखवू?"

समजावण्यात अर्थ नव्हता. वऱ्हाडात पत्रिकेत नाव टाकायचं राहिलं तर मामा मांडवातून परत जातो. काका ताटावरून उठले आणि त्यांनी अबोला धरला.

दुसऱ्या निबंधाच्या वेळी सहदेवने तोड काढली. 'माणसाची सारी तब्येत पोटावर' हे काका रोज सकाळी म्हणतच. ते वाक्य त्याने मध्ये घातलं आणि शेवटी छापलं, 'खुशालराव, दर्यापूर : प्रत्यक्ष संभाषण, १९५८.' काका लगेच बोलू लागले.

इथपर्यंत घरचा मामला होता. पण दुसऱ्याच्या निबंधामागची नावं आपल्या निबंधामागे उतरवून घ्यायची, मूळ बघायच्या फंदात पडायचं नाही, अशी विद्वानांतही एक रीत असते. आणि पोट कोणाला नसतं? डोळ्यांच्या डॉक्टरांनी खुशालराव घेतले, मग कातडीच्या, मग हाडांच्या, मग मेंदूच्या. वाटेत कोणीतरी 'डॉ.' जोडून दिलं. मासिक उघडलं की काका, हे पाहून सहदेवला घाम फुटे. त्याचं स्वतःचं नाव मात्र कुठंच नसे. वाक्य खुशालरावांचं, सहदेव नुसता निरोप्या!

१९६२ साली अकोल्याला नवं संशोधन केंद्र निघालं. खोकल्याचं काम पुरं करायला सहदेवला तिथली जागा जिवापाड हवी होती. मुलाखतीत प्रमुखांनी चष्म्यावरून पाहिलं.

"निबंध बरेच आहेत तुमचे. पण कोणी दखल घेतली?"

"अजून... नाही, सर."

"तुमच्या भागातले दर्यापूरचे डॉक्टर खुशालराव पाहा! डोळे, त्वचा, हाडं, मेंदू! केवढा आवाका! ओळखता त्यांना?"

"लहानपणापासून," सहदेव खरं तेच बोलला.

"मग त्यांची शिफारस आणा. जागा तुमची."

खरं सांगावं तर जागा जाणार, न सांगावं तर झोप जाणार. आपण काकांना मोठं केलं की काका आपल्याला करणार, हेच सहदेवला कळेनासं झालं. त्याने मुकाट्याने दर्यापूरची एसटी धरली.

"मले काहीच समजून नाई राहिलं," काका म्हणाले. "मी डोयाचा डॉक्टर कवा झालो?"

"काका, तुमी फक्त लिहा, पोरगा चांगला हाय."

"थे तं खरंच हाय. देतो लिहून. पन आधी तुह्या काकूले पूस. चार वर्स झाले, माह्याशी बोलत नाई थे."

आतून गोदाकाकूंचा आवाज आला, "पोट पोट करत नाव कमावलं जगात! रोज रातच्याले एरंडीचं तेल कोन देते याले? माह्यं नाव कुठी हाय?"

"टाकतो, काकू! पुढच्यात टाकतो!"

काकांनी लिहून दिलं. पत्रात एक शब्द खोटा नव्हता. सहदेवला जागा मिळाली, आणि त्यानेही काकूंना दिलेला शब्द पाळला.

दोन वर्षांनी प्रमुखांनी त्याला बोलावून घेतलं. टेबलावर मासिकांची चळत होती. डोळे, कातडी, दात, जिथं तिथं 'डॉ. गोदाबाई'.

"सहदेव, मी निवृत्त होतोय. माझ्या खुर्चीवर या बाई येतील का हो?"

सहदेव गोंधळून गोंधळून आता अगदी निवांत झाला होता.

"येतील, सर," तो म्हणाला. "पण आधी त्यांच्या माहेरची नावं टाकावी लागतील."